शेपटाची सावली

रविवार, ३ मार्च

लिही सूनबाई. जसंच्या तसं लिही, मध्ये साखर घालू नकोस.

आज सकाळी आमचे चिरंजीव जग जिंकायला निघाले. पन्नाशी उलटली, पोट आधी पोचतं आणि माणूस मागून येतो, गुडघ्याला पट्टा, आणि अंगात एवढं जाड जाकीट की फाटकातून आडवं होऊन बाहेर पडावं लागलं. धंदा चष्म्याचा. आजवरचा मोठा प्रवास म्हणजे घर ते दुकान, तोही वारा सुटला की रद्द. आता म्हणे मोटरसायकलवरून तीन खंड. मी विचारलं, एक पुरत नाही का? तर म्हणाला, "आई, एक तर कुणीही करतं." आमच्या गल्लीत तर अजून कुणी केलेलं ऐकलं नाही.

ही वही त्याचंच डोकं. म्हणाला, "तू रोज मला जे बोलतेस, ते आता कित्येक महिने ऐकायला मिळणार नाही. लिहून ठेव. आल्यावर सगळं एकदम वाचेन." अक्षरांची आणि माझी कधी गाठ पडली नाही. त्यांनीही मला बोलावलं नाही, मीही त्यांच्या दारात गेले नाही. म्हणून मी बोलणार आणि त्याची बायको लिहिणार. नवऱ्याला घातलेल्या शिव्या स्वतःच्या हातानं उतरवून घ्यायच्या, असं भाग्य फार थोड्या सुनांना मिळतं.

निघताना माझा हात धरून म्हणाला, "काहीतरी बोल ना, आई." मी म्हटलं, "तिन्ही खंड फिरून, ह्याच गाडीवर बसून, ह्याच फाटकातून आत आलास, तर तुझ्या मागे बसून गावभर हिंडेन." सगळे खो खो हसले. कारण मी जन्मात कधी दुचाकीवर बसलेली नाही. नुसती उभी केली तरी जी पडते, त्या वस्तूवर माणसानं का बसावं?

तो मात्र हसला नाही. हेल्मेट घालता घालता थांबला आणि म्हणाला, "नक्की?"

एवढा मोठा बाप्या, आणि विचारतो कसा, तर नक्की?

मंगळवार, ५ मार्च

बरोबरची फौज कशी आहे तेही लिहून ठेव, नाहीतर पुढे कुणाला खरं वाटायचं नाही.

सगळ्यांच्या पुढे सेनापती. फरशांचा व्यापारी. लहानपणी ह्याच अंगणात गोट्या खेळायचा आणि हरायला लागला की गोट्या उचलून घरी जायचा. त्याच्या मागे दातवाला. लोकांना दिवसभर तोंड उघडा म्हणतो, स्वतःचं तोंड मात्र सेनापतीसमोर कधी उघडत नाही. त्याच्या मागे बारक्या. नावाला बारक्या, गाडी त्याच्याखाली कण्हते. गीझर दुरुस्त करतो. लग्न केलं नाही, आईबाप केव्हाच गेले, एक बहीण आहे ती ओळख देत नाही. शाळेत असल्यापासून आमच्या घरी बरोबर जेवायच्या वेळेला पोचतो. त्याला घड्याळ लागत नाही, नाक पुरतं.

आणि सगळ्यांत मागे एक जण असतो. त्याला त्यांच्यात शेपूट म्हणतात. शेपटानं कुणाला ओलांडायचं नाही. कुणाची गाडी थांबली की शेपटानं थांबायचं, बिघडली की शेपटानं बघायचं. शेपटाच्या मागे कुणी राहता कामा नये, हा त्यांचा पहिला नियम. निघण्याआधी चौघांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर हात आपटून तो ठरवला, माझा कप सांडला म्हणून मला आठवतंय.

तर आमच्या चिरंजीवांचा हुद्दा काय? शेपूट.

सूनबाई म्हणते, "त्यांनी स्वतःहून मागितलं, आई. बाकीच्यांना पुढे राहायचं होतं." मी म्हटलं, वा. लोक जग फिरून शहाणे होतात, हा जगभर दुसऱ्याचा धूर खाऊन येणार.

शनिवार, १६ मार्च

रोज संध्याकाळी फोटो येतो. नात फोन माझ्यापुढे धरते. नात कॉलेजात आहे, बापाचं लांब नाक आणि माझी जीभ घेऊन आली आहे, त्यामुळे लग्नाची घाई करण्यात अर्थ नाही.

फोटो रोज तोच. मागे डोंगर, नाहीतर वाळवंट, नाहीतर पाटी. पुढे सेनापती छाती काढून, दातवाला दात झाकून, बारक्या काहीतरी खात. गाड्या चार, माणसं तीन.

"चौथा कुठाय?"

"बाबाच फोटो काढतात ना, आजी."

म्हणजे तिथेही शेपूटच. एवढा खर्च करून गेला आणि पुरावा म्हणून तीन रिकामटेकड्यांचे चेहरे पाठवतो. मला काही त्याचं तोंड बघायचं नाही, ते कित्येक वर्षं बघितलं आहे. पण हिशेबाला चार तर दिसावेत.

मग आज मला तो सापडला. फोटोत खाली, जमिनीवर, सावली. दुकानातली सवय आहे त्याची, उजेड पाठीशी घेतल्याशिवाय काम करत नाही, म्हणून सावली पुढे पडते आणि फोटोत येते. डावा खांदा खाली, उजवं कोपर बाहेर. भिंगं घासायच्या यंत्रापुढे वाकून वाकून तसा झाला आहे. सरळ उभा राहा म्हणून मी किती ओरडले. आता म्हटलं, बरं झालं ऐकलं नाही.

हे शेवटचं वाक्य खोड. खोडलंस? दाखव. मला वाचता येत नसलं तरी खोडलेलं दिसतं.

बुधवार, १० एप्रिल

दुकान सूनबाई चालवते आहे. चिरंजीव असताना गिऱ्हाईक आत यायचं, पंख्याखाली बसायचं, ह्याच्याशी मोटरसायकलवर बोलायचं आणि चष्मा न घेता जायचं. आता आत येतं, डोळे तपासून घेतं, चष्मा घेऊन जातं. पंखा बंद आहे. मी हे तिला म्हटलं तर म्हणाली, "असं लिहू का?" म्हटलं, मोठ्या अक्षरात लिही.

मी दुपारी दुकानात जाऊन बसते. भिंतीवर तो तक्ता आहे, माझ्यासारख्यांसाठी, अक्षरांऐवजी तीन दांड्यांची खूण. दांड्या कुठल्या बाजूला वळल्यात ते हातानं दाखवायचं. आज एक वाण्याचं दुकान चालवणारे गृहस्थ आले होते, ते दांड्या सोडून मलाच विचारत बसले, "काय आजी, मुलगा कुठवर पोचला?"

"पोचला कुठे? दुसऱ्यांना पोचवतोय."

"पण धाडस आहे हं."

"आहे ना. घरी नळ गळत होता तो तसाच ठेवून गेला, केवढं धाडस."

ते हसले. सूनबाईनं भिंग बदललं आणि हळूच म्हणाली, "आई, फोटो यायची वेळ झाली, म्हणून येता ना इथे? दुकानात रेंज चांगली आहे."

मी म्हटलं, पंखा बंद असतो म्हणून येते.

गुरुवार, २ मे

एक खंड संपलं. गाड्या लाकडी खोक्यांत भरून बोटीनं पलीकडे गेल्या, हे विमानानं. म्हणजे गाडीवरून जग फिरायला निघालेले विमानात बसले आणि गाड्या आराम करत गेल्या. देशांची नावं लिहू नकोस, मला पाठ होत नाहीत आणि त्यांचं माझ्यावाचून अडत नाही.

बारक्यानं आवाज पाठवला होता. "काकू, इथलं जेवण एकदम भिकार. तुमची आठवण येते." माझी नाही, ताटाची. मी नातीला म्हटलं, त्याला सांग, गाडीला कमी खायला घाल, तीच तुझं ओझं वाहते. तिनं तसंच बोलून पाठवलं. मेल्याचं हसणं आलं उलट, फोन हातातून पडायची वेळ.

सावली आहे. खांदा अजून खाली गेलाय. उशी नेली नाही, मी ठेवलेली. बरी मोठी जागा होती पेटीत.

सोमवार, २० मे

आज फोटो नाही. सूनबाई म्हणते रेंज नसेल. कालही नव्हता, काल म्हणाली रविवार. डोंगराला रविवारची सुट्टी असते हे मला ठाऊक नव्हतं.

पडले असतील कुठेतरी. पडायलाच हवं एकदा. एकदा नीट तोंडावर आपटले म्हणजे अक्कल येईल आणि गुपचूप घरी येतील. मी तर वाटच बघते आहे. फाटकात उभी राहून एकच वाक्य म्हणणार आहे, "मी आधीच म्हटलं होतं." बाकी काही नाही. ते वाक्य मार्चपासून तोंडात धरून बसले आहे, आता चव जायला लागली.

पेन का थांबलं? म्हणते शाई. नवीन पेन आहे ते, परवाच आणलं.

डोळे का लाल? तर दुकानात धूळ फार. दुकान तूच झाडतेस ना?

असो. लिही. लिहिलंस का, तोंडावर आपटले म्हणजे? लिहिलंस. बरं.

मंगळवार, २१ मे

सूनबाईनं भाजीत दोनदा मीठ घातलं. मी बोलले. उत्तर आलं नाही. ती उलट बोलत नाही तेव्हा मला बोलण्यात काही मजा येत नाही, भिंतीवर चेंडू मारावा आणि भिंतच नसावी तसं होतं.

गॅलरीत फोनवर बोलत बोलत कपडे वाळत घालत होती. एकच टॉवेल तीनदा काढला, तीनदा घातला. कुणाचा फोन विचारलं तर म्हणाली, "भिंगांची कंपनी." भिंगांच्या कंपनीला कुणी "जेवलात का" विचारतं?

शुक्रवार, २४ मे

आज फोटो आला. समुद्राकडे जाणारा रस्ता, सेनापती एकटाच, छाती नेहमीपेक्षा पुढे. मी नातीला म्हटलं, मोठा कर. तिनं त्याचं तोंड मोठं केलं. म्हटलं, तोंड नको, ते आधीच मोठं आहे. खालचं कर.

जमिनीवर सावली होती. बुटकी, गोल, दोन्ही खांदे सारखे, एक हात कमरेवर.

"ही कुणाची?"

नात म्हणाली, "बाबांचीच असेल, आजी."

"तुझा बाप मी केलाय, तू नाही. ही दातवाल्याची सावली आहे. तुझा बाप कुठाय?"

ती आईकडे बघायला लागली. सूनबाई चष्म्यांचा ट्रे पुसत होती, पुसतच राहिली.

"बारक्या कुठाय? चार गाड्या होत्या, दोन दिसतात. बोला. का मी सेनापतीच्या बायकोला फोन लावू? तिला गुपित दोन मिनिटं ठेवता येत नाही."

मग सूनबाई खाली बसली, ट्रे मांडीत घेऊन, आणि सांगितलं. शनिवारी घाटाच्या वळणावर बारक्या खडीवरून घसरला. मांडीचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. पुढचे दोघे वळण घेऊन निघून गेले, त्यांना कळलंच नाही. शेपूट मागे होतं, ते थांबलं. त्यानंच एक ट्रक अडवला, त्यातून लहानशा गावातल्या इस्पितळात नेलं. तिथेच ऑपरेशन झालं. सेनापती मागे आला, दोन दिवस थांबला, म्हणाला गाड्यांची बोट चुकेल, विम्याचे लोक बघतील, आणि दातवाल्याला घेऊन निघाला.

"आणि आमचा?"

"तिथेच आहेत. बाकावर झोपतात."

"त्याला लागलंय?"

"नाही, आई. खरंच नाही."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"रविवारपासून."

म्हणजे सोमवारी मी सांगत होते आणि ही लिहीत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली. म्हणाले, आईला नको. ती म्हणेल, मी आधीच म्हटलं होतं."

"मी असं मुळीच म्हणाले नसते."

सूनबाईनं वही आणली, मागचं पान काढलं आणि सोमवारचं वाचून दाखवलं. सगळं. तोंडावर आपटले म्हणजे, तेसुद्धा.

मी म्हटलं, "लिहिणारीनं थोडं मऊ करून लिहायला काय झालं होतं?"

"तुम्हीच म्हणालात, साखर घालू नकोस."

आता हेही लिही.

शनिवार, २५ मे

त्याच्याशी बोलले.

"आई."

"बोला शेपूट."

"कळलं तर तुला."

"तुमच्या मित्रांना खोटं बोलायचं होतं तर ऊन बघून बोलायचं."

तो म्हणाला, "बोल ना. हसून घे."

"घेईन. घाई काय आहे? बारक्या कसा आहे?"

"दुखतंय खूप. पण मलाच म्हणतोय तू जा. सोमवारी सकाळी निघालो तर बोट गाठता येते. सेनापती रोज फोन करतोय, म्हणतो विम्याचा माणूस चार दिवसांत येईल, तुझ्या बसण्यानं हाड लवकर जुळणार आहे का?"

"तिथल्या लोकांची भाषा कळते का बारक्याला?"

"मला कळत नाही, त्याला कुठून? खुणा करतो."

"दोन्ही हातांना सुया असताना?"

मग तो एकदम बोलायला लागला, लहानपणी ताप चढला की बोलायचा तसा. "आई, तूच म्हणतेस ना मी काही पुरं करत नाही? पोहणं सोडलं, बासरी सोडली, नळ अर्धा सोडला. हे एक मला पुरं करायचं होतं गं. एकच खंड राहिलंय. आणि तू मागे बसणार होतीस. मी त्या फाटकातून कसा आत येणार, तेच रोज हेल्मेटमध्ये बघत होतो."

माझ्याकडे त्याला द्यायला नेहमी काहीतरी तयार असतं, आज पिशवीत हात घातला तर पिशवी रिकामी.

सूनबाई म्हणते, रेंज गेली असेल. रेंज गेली नव्हती. बटण मी दाबलं.

रविवार, २६ मे

सकाळपासून नुसती ह्या खोलीतून त्या खोलीत. सूनबाईला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मी काय सांगू? थांबा म्हटलं तर आयुष्यभर म्हणतील, तू थांबवलंस म्हणून राहिलं. पुढे जा म्हटलं तर बारक्याभावजींचं तोंड मला कसं बघवेल?"

"म्हणजे सगळं माझ्यावर."

"तुम्हाला बोलायची सवय आहे, आई."

टोमणा होता. बरा मारला. शिकली आहे माझ्याकडून.

शेवटी नातीला म्हटलं, ते आवाज भरायचं बटण दाब आणि मध्ये हसू नकोस. बोलले ते असं:

"बारक्या, आधी तुला. पडायला एवढी तीन खंडं होती, आणि तुला जेवण भिकार असलेलं गावच सापडलं? पाय हलवू नकोस. आणि तो डब्यातला लगदा देतील तो मुकाट्यानं खा.

आता शेपूट, तुम्हाला. माझ्या टेबलावर हात आपटून तुम्ही नियम केला होता, माझा चहा सांडवून. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही. तू उद्या निघालास तर बारक्या तुझ्या मागे राहतो. मग तू कसला शेपूट? एवढासा हुद्दा तुला मिळाला, आणि तोही अर्ध्यावर सोडतोस? ते मला चालायचं नाही. तेवढं एक पुरं कर. सेनापतीला म्हणावं, तू हो पुढे, तुझ्या गोट्या घेऊन. बस्स. बंद कर गं."

भाजी निवडून झाली. मग फोन वाजला. आधी नुसतं बारक्याचं कण्हणं आणि हसणं, बरगड्या मोडलेल्या माणसाला हसू नये म्हणून सांगायला हवं होतं. त्याच्या मागून आमच्याचा आवाज.

"बरं, आई."

एवढंच. फोन ठेवताना नाक ओढल्याचा आवाज आला. थंड असेल तिकडे. स्वेटरही नेला नव्हता.

रविवार, १६ जून

आले. विमानानं आले, तिथून टॅक्सीनं. गाड्या तिकडेच कुठल्या तरी गोदामात आहेत, कागद झाले की येतील, नाही झाले तर तिकडेच नांदतील.

मी फाटकात उभी होते. उगाच नाही, कुंडीला पाणी घालत होते. आधी दोन कुबड्या उतरल्या, मग बारक्या, निम्मा झालाय, आता नाव शोभतं. मग हा. गाडी नाही, हेल्मेट नाही, ढगळ झालेलं जाकीट हातावर. सरळ चालत फाटकातून आत आला, आडवं व्हावं लागलं नाही.

माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "हरलो, आई."

ते वाक्य तोंडात होतं. मार्चपासून होतं. मी म्हटलं, "कुंडी ओलांडून या. पाय पुसा."

बारक्या पुढच्या खोलीत राहणार आहे, पाय बरा होईपर्यंत. म्हणजे कायमचा. आल्या आल्या विचारतो, "काकू, जेवायला काय?" सूनबाई आत जाऊन रडून आली आणि बाहेर येऊन म्हणाली कांदा चिरत होते. आज कांदा नव्हता.

दुकानाच्या चाव्या तिनं ह्याच्यापुढे ठेवल्या. ह्यानं त्या बघितल्या, पंखा बघितला, हिशेबाची वही चाळली, आणि चाव्या परत तिच्याकडे सरकवल्या. "मी भिंगं घासतो," म्हणाला. जग फिरल्याचा एवढा तरी फायदा.

शनिवार, ६ जुलै

सेनापती आणि दातवाल्याचा सत्कार झाला. तीन खंडं पुरी केली म्हणून. मोठा हॉल, पुष्पगुच्छ, स्टेजवर पाण्याच्या बाटल्या, मागे पडदा. आम्हाला पुढची रांग दिली, बहुतेक तोंड बंद राहावं म्हणून. हा म्हणत होता नको जायला. मी म्हटलं, फुकट चहा आहे.

सेनापतीचं भाषण सुरू झालं. "आम्ही चौघे निघालो. वाट कठीण होती. प्रत्येकात तेवढा दम असतोच असं नाही, त्याला आमचा इलाज नव्हता." आणि आमच्याकडे बघून गोड हसला. दातवाला टेबलाकडे बघत होता. आमचा आपल्या बुटांकडे. डावा खांदा आणखी खाली.

मग पडद्यावर फोटो लागले, भिंतीएवढे मोठे. सेनापती आणि डोंगर. मी बारक्याला म्हटलं, जरा मोठ्यानं, मला हल्ली माझाच आवाज कमी ऐकू येतो, "बारक्या, ती खाली जमिनीवर सावली कुणाची रे?"

बारक्या कुबडी टेकून, त्याहून मोठ्यानं, "शेपटाची, काकू."

मागे कुणीतरी हसलं. दुसरा फोटो. सेनापती आणि वाळवंट.

"आणि ही?"

"शेपटाचीच."

तिसऱ्याला मी विचारलं नाही, मागच्या रांगेतून वाणी विचारते झाले, "आणि ही हो?" चौथ्याला अख्खा हॉल ओरडला, "शेपटाची!" पोरं तर बाकांवर उभी. सेनापती म्हणाला, "पुढे घ्या, पुढे घ्या, शेवटचं खंड लावा." लावलं. सेनापती आणि समुद्र, खाली बुटकी गोल सावली.

कुणी ओरडलं नाही. तेव्हा दातवाल्यानं जन्मात पहिल्यांदा सेनापतीसमोर तोंड उघडलं. खुर्चीत बसूनच म्हणाला, "ही माझी. त्याची मागे राहिली. आम्ही ठेवून आलो."

चहा बरा होता. बिस्किटं मऊ पडलेली.

रविवार, ७ जुलै

आजचं हा स्वतः लिहितोय. सूनबाईला म्हणाला, मला दे. कालपर्यंतची वही वाचून काढली त्यानं, सकाळी सुरू केली ती दुपारपर्यंत, मध्ये दोनदा तोंड धुऊन आला. खोडलेलं वाक्यही उजेडाला धरून वाचलं. चष्मेवाल्यापुढे खोडून उपयोग नाही.

तर लिहा, शेपूट. जसंच्या तसं.

सकाळी बाजारात जायचं होतं. पिशवी जड होणार होती, बटाटे घ्यायचे होते. सूनबाईची स्कूटर दारात होती, हा तिच्यावर बसून चाक फिरवत होता, कुठेतरी खरखर येते म्हणे. मी म्हटलं, "थांब." आणि मागे बसले. आडवी बसले, दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरून.

हा गार पडला. "आई, मी तर पैज हरलो."

"पैजेचं कोण बोलतंय? बटाटे आणायचेत. हळू चालव, आणि खड्डा आला तर आधी सांग."

फाटकातून बाहेर पडलो. बारक्या खिडकीतून कुबडी हलवत ओरडत होता. वाण्यानं दुकानातून बघितलं आणि तराजू तसाच धरून उभा राहिला. गाडी फार वाईट असते. केस उडतात, आणि माणसाला धरायला पुढच्या माणसाशिवाय काही नसतं. ह्यासाठी हे लोक जगभर हिंडतात.

मंडईच्या लांब भिंतीवर आमची सावली पडली होती. पुढे तो, डावा खांदा खाली. मागे एक गाठोडं. बघत होते, हे गाठोडं कुणाचं, कसं बांधलंय वेड्यासारखं. मग मी मान हलवली, तर त्यानंही हलवली.

शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही, असा नियम होता यांचा. मोडला.

का रे, पेन का थांबलं? शाई भरपूर आहे. लिही.